साडेबासष्ट किलो कोको

पैज अगदीच फालतू होती. पण मिशी पणाला लागली की फालतू पैजही माणसाला भारी पडते.

दर वर्षी एकदा चौकातल्या विभागीय कचेरीबाहेर काळा फळा लागायचा. त्यावर तीनच ओळी असायच्या: चहा, कॉफी, कोको. विभागातल्या गोदामात मागच्या वर्षी पोती किती, यंदा किती, आणि शेवटी एक शब्द, वाढ किंवा घट. त्या शब्दावर मोठमोठ्या व्यापाऱ्यांच्या झोपा उडायच्या. गल्लीतली माणसं नुसत्या पैजा लावायची.

"कोको वाढणार," शिंपी जिन्याच्या पायरीवर मांडी ठोकून म्हणाला.

"घटणार," नळवाला म्हणाला. "बाजारात कोकोला आग लागलीय. माल असता तर भाव चढला असता का, अकलेच्या कांद्या?"

"अरे, मी रोज गोदामावरून जातो. कोकोची थप्पी पत्र्याला टेकलीय! डोळ्यांनी बघतो मी."

"तुझ्या डोळ्यांनी? माझ्या पँटचा एक पाय आखूड शिवलास, तो याच डोळ्यांनी ना?"

झालं! शिंप्याची मिशी फुरफुरली. ती मिशी म्हणजे त्याची इस्टेट. दोन्ही टोकं तेल लावून वर वळवलेली, गालावर दोन विंचू बसल्यासारखी.

"लाव पैज. हरेल त्याची अर्धी मिशी, भर चौकात, फळ्याखाली."

"अर्धीच?"

"पूर्ण गेली तर फॅशन वाटते रे. अर्धी गेली की बेइज्जती."

वरच्या पायरीवर एक हाडकुळा म्हातारा पितळी वजनं फडक्याने पुसत बसला होता. आयुष्यभर तो वजनमापं तपासणारा इन्स्पेक्टर होता. निवृत्त झाल्यावर लोकांच्या भानगडी तपासायला लागला, खासगीत. फुंकर मारली तर उडेल अशी प्रकृती, म्हणून गल्ली त्याला पाठीमागे तोळामासा म्हणायची आणि समोर काका. शिंपी त्याच्या भानगडींमध्ये हौसेने लुडबुडायचा, आणि दर वेळी चुकीचा माणूस धरायचा.

"काका, तुम्ही साक्षीदार," शिंपी म्हणाला.

"साक्षीदार होतो. फक्त मिशी पुसून ठेव, शेवटची भेट असेल," तोळामासा म्हणाला.

हशा पिकला असता, पण तेवढ्यात गल्लीच्या तोंडातून एक बाई धावत आली. केस सुटलेले, बाहीवर रक्त, ओठ फुटलेला. गोदामातल्या हमालांच्या मुकादमाची बायको होती ती. गोदाम झाडायचं काम तिचंच.

"काका, चला! माझ्या माणसाला पोलीस ठेचून काढताहेत!"

"बस आधी. हे रक्त कुणाचं?"

"माझंच. मध्ये पडले तर एक दांडा मलाही बसला." तिने बाहीने तोंड पुसलं. "फळ्यासाठी पोती मोजतो ना, त्या मोजणीदाराचा खून झालाय, गोदामात. दुपारच्या सुट्टीत. कोकोच्या थप्पीखाली पडलाय, आणि नरड्यात यांचा हूक रुतलाय. हूक यांचाच, पण हात यांचा नाही हो! उद्या संध्याकाळी मोठ्या तुरुंगात नेणार. एकदा तिथे गेले की बाहेर येतील ते चौघांच्या खांद्यावर."

तोळामाशाने वजनं पेटीत टाकली. "शिंप्या, टेप घे."

"टेप कशाला, काका? खून झालाय, सदरा नाही शिवायचा."

"घे म्हणतो ना."

*

गोदाम म्हणजे तीन दालनं. डावीकडे चहाची कागदी पोती, मध्ये कॉफी, उजवीकडे कोको. मालाच्या वासाने एरवी डोकं गरगरायचं. आज त्यात रक्ताचा वास मिसळला होता आणि माशांना आमंत्रण गेलं होतं.

मोजणीदार सात नंबरच्या थप्पीखाली पडला होता. जाडजूड माणूस. अंगावर पडलेली तीन पोती पोलिसांनी बाजूला केली होती. छाती चेपलेली, एक डोळा उघडा, आणि नरड्यात हमाली हूक, आकडी आतपर्यंत. खाली रक्ताचं डबकं आटून काळं झालं होतं. शिंप्याची नजर सदऱ्याच्या कॉलरवर अडकली.

"अरेरे, यांचा सदरा मीच शिवला होता," तो पुटपुटला. "कॉलर साडेसतरा! असा गळा पुन्हा होणे नाही."

"साडेसतरा?" तोळामासा वळला. "नक्की?"

"काका, माणूस विसरेन, कॉलर नाही."

फौजदार कंबरेवर हात ठेवून उभा होता. "साधी केस आहे. सकाळी मुकादमाने याच्या थोबाडीत मारली, दात पाडला. पन्नास लोकांनी बघितलं. दुपारी याच्या नरड्यात मुकादमाचा हूक. मुठीवर त्याची खूण कोरलेली आहे. आता काय, मेलेल्याने उठून सांगायचं?"

"मेलेले बरंच सांगतात. मुठीत काय आहे त्याच्या?"

मोजणीदाराच्या उजव्या मुठीत परखी होती. टोकदार, पोकळ, हातभर लांबीची लोखंडी नळी. पोत्यात खुपसायची, आतला माल नळीत भरून बाहेर येतो, पोतं फोडावं लागत नाही. तोळामाशाने ती काढून कागदावर आपटली. कोकोची टरफलं पडली, आणि चिमूटभर रेती.

"जमिनीवरची असेल," फौजदार म्हणाला. "हमालांच्या पायाबरोबर येते."

"असेल," तोळामासा म्हणाला आणि कागदाची पुडी करून खिशात टाकली.

पोलिसांचा डॉक्टर उकिडवा बसला होता. त्याने हूक उपसला, तसा चिखलातून पाय काढल्यासारखा आवाज झाला. मग चिमट्याने आत चाचपलं. "गंमत बघा. जखम आरपार आहे, समोरून मागे मानेतून बाहेर, सरळ. आणि आत हे अडकलं होतं."

त्याने तळहातावर एक हिरवट दाणा धरला. कच्ची कॉफी.

"चघळत असेल बिचारा," शिंपी म्हणाला.

"कच्ची कॉफी? दगड चघळण्यासारखं आहे ते," डॉक्टर म्हणाला.

मयताच्या खिशात रक्ताने चिकटलेली एक चिठ्ठी निघाली. गोदामाचा मॅनेजर नाकाला रुमाल लावून लांबूनच समजावत होता. "त्यांची पद्धत होती ती. दर वर्षी पोती मोजायचीच, शिवाय खडूने खूण केलेली तीच ती जुनी पोती पुन्हा काट्यावर घ्यायची. वर्षभरात माल किती सुकला, किती ओलावला ते बघायला."

तोळामाशाने वाचून दाखवलं. "चहा: मागच्या वर्षी चाळीस किलो, यंदा चाळीस सातशे. कॉफी: साठ, यंदा साठ आठशे. कोको: साडेबासष्ट, यंदाही साडेबासष्ट. आणि कोकोखाली दोन रेघा मारल्यात. कागद फाटेपर्यंत."

शिंप्याचा चेहरा उजळला. "बघा! कोको घटला नाही! खुशीत मारल्या असतील रेघा." मिशीवर हात गेलाच त्याचा.

"यंदाचं वर्ष कसं गेलं, मॅनेजर?"

"ओलं, दमट. भिंतींना बुरशी आली होती."

"आणि माल आत घेताना तपासतं कोण?"

"चवबाई. आमची चव घेणारी. ती परखी लावते, पास म्हणाली की पोतं आत. मी फक्त सही करतो." मॅनेजर भिंत धरून बाहेर गेला.

*

कोठडीत मुकादम भिंतीला टेकून बसला होता. तोंडाचा भोपळा झालेला, दोन बोटं वाकडी. बोलताना ओठातून रक्ताचा बुडबुडा यायचा.

"मारलंस का?"

"थोबाडीत मारली, काका. दात पडला. नाही म्हणत नाही. तो म्हणाला, तुझ्या माणसांनी कोकोची पोती बदलली. चोर म्हणाला. वीस वर्षं पाठ मोडली मी त्या गोदामात!"

"आणि हूक?"

"सकाळपासून आमची टोळी चहावर होती. चहाला हूक लावत नाहीत, कागदी पोतं फाटतं. सगळ्यांचे हूक दारापाशी खिळ्यांना. घे म्हटलं तर कुत्र्यानेही घेतला असता."

"सुट्टीत कुठे होतास?"

"दात पाडल्यावर माझंच मन खात होतं. मागच्या नळापाशी एकटा बसलो होतो. कुणी बघितलं नाही." तो खोकला. "काका, एक सांगू? तो मोजणीदार येडा नव्हता. गेली दोन वर्षं कोकोचं पोतं पाठीला नीट बसत नाही. वजन तेवढंच, पण पाठीवर दगडासारखं बसतं. पूर्वी अंग धरायचं. मी म्हटलं, आपणच म्हातारे झालो."

बाहेर आल्यावर शिंपी म्हणाला, "काका, हाच आहे. पोती बदलली, पकडला गेला, मारलं. आणि नळापाशी होतो म्हणे! अहो, नळाची साक्ष कोण काढतं?"

"पोती बदलणारा हमाल पोतं दगडासारखं लागतं म्हणून स्वतःहून सांगेल?"

"सांगेल की! जास्त शहाणा."

"शिंप्या, तुझ्या डोक्याला अस्तर आहे, कापड नाही."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गोदामाशी पोचले तर आत रण माजलेलं. कॉफीचा दाणा नरड्यात सापडल्याची बातमी हमालांपर्यंत पोचली होती. आणि काल दिवसभर कॉफीच्या दालनात एकच माणूस होता, तो धुरीवाला. पोत्यांना कीड लागू नये म्हणून ताडपत्रीखाली विषारी धूर सोडणारा खोकलू माणूस. दहा-बारा हमालांनी त्याला पोत्यासारखा आपटला होता. एकाने त्याचाच मुखवटा त्याच्या तोंडावर दाबून धरला होता, हवा बंद करून. पाय तडफडत होते.

"आमच्या मुकादमाला अडकवतोस काय!"

तोळामाशाने ओरडायचा प्रयत्न केला, पण आवाज कसला, मांजर शिंकल्यासारखा. शिंपी मात्र मध्ये घुसला. पहिला गुद्दा त्याच्या कानशिलात बसला, दुसरा बरगडीत. त्याने कुणाच्या तरी मनगटाला कडकडून चावा घेतला आणि गर्दी फुटली.

धुरीवाला ओकत उठून बसला. नाकातून रक्ताच्या दोन धारा.

"तुझी परखी दाखव," तोळामासा म्हणाला.

धुरीवाल्याने खिशातून काढली. चिमुकली, वरवरची कीड बघण्यापुरती. टोकात दोन हिरवे दाणे अडकलेलेच होते. हमाल पुन्हा गुरगुरले.

"शिंप्या, टेप."

शिंप्याने मोजलं. "मूठ सोडून चार इंच."

"बरं. याला घरी सोडा. आणि अंगाला हात लावाल तर तुमच्यापैकी एकेकाला मी मुकादमाशेजारी बसवीन."

"काका, दाणे तर होते की त्याच्याकडे!" शिंपी कान चोळत म्हणाला.

"कॉलर किती म्हणालास तू?"

"साडेसतरा. पण त्याचा काय संबंध?"

तोळामाशाने टेप गुंडाळून शिंप्याच्या खिशात कोंबली. तो चवबाईच्या खोलीकडे निघाला होता.

*

चवबाईची खोली पांढरीशुभ्र. लांब टेबल, बारा पांढऱ्या वाट्या, शेजारी वाफाळती किटली. चवबाई स्वतः पन्नाशीची, रुंद खांद्यांची. पंधरा वर्षं पोत्यांत परखी खुपसून मनगटं पुरुषाला लाजवतील अशी झाली होती. चमच्यातून कॉफी ओढताना ती एवढा मोठा सुर्रकन् आवाज करायची की शिंप्याला हसू आवरेना.

"हसा. तुमच्या मिशीला तेलाचा वास येतोय, माझ्या वाट्या खराब होतील. लांब उभे राहा."

शिंपी भिंतीला चिकटून उभा राहिला.

"काल दुपारी कुठे होतात, बाई?" तोळामाशाने विचारलं.

"इथेच. सकाळपासून पाय बाहेर टाकला नाही. परवा नमुने काढले होते, कॉफीचे. काल चव घेत होते. गरम, कोमट, गार, तिन्ही वेळा घ्यावी लागते. खून झाला म्हणून कॉफी थांबत नाही."

"मोजणीदार कसा माणूस होता?"

"आकडेमोड्या. त्याला जीभ नव्हती. पोतं त्याच्यासाठी फक्त वजन. मी माल चाखून सांगते, तो काट्यावर ठेवून. कोण शहाणं?" ती थुंकीपात्रात थुंकली. "हमालांना चोर म्हणाला, मग मिळालं त्याला. मुकादमाचा हात फार जड आहे."

"भिंतीवरची तुमची परखी छान आहे. लांब आहे. कशी निगा राखता?"

बाईंचा चेहरा खुलला. आपल्या कामाचं कौतुक कुणाला नको असतं? "पाणी लावायचं नाही, हा पहिला नियम. पाणी लागलं की गंज आणि गंजाचा वास मालाला. बिचाऱ्या नवशिक्या पोरी धुतात, मी हाकलून देते. कोरडं फडकं, बस. पंधरा वर्षांत माझ्या परखीने पाणी बघितलेलं नाही."

"एखादा दाणा टोकात अडकून राहत असेल मग."

"राहतो कधी. पुढच्या खेपेला पडतो."

बाहेर आल्याबरोबर शिंप्याने किंकाळी फोडली. "अहो, माझा सदरा! कालच धुतलेला! खांद्यावर हे काय तांबडं? भिंतीवरच्या त्या परखीलाच टेकलो वाटतं. बायको जीव घेईल. हा डाग सात जन्मात निघत नाही!"

तोळामाशाने त्याचा खांदा धरून उजेडाकडे वळवला. तांबूस, लांबट, हातभर डाग. त्याने तो बोटाने चोळून नाकाशी धरला, आणि पहिल्यांदाच हसला.

"शिंप्या, या सदऱ्याला इस्त्री करू नकोस. आणि फौजदाराला बोलाव. मुकादमालाही आणायला सांग."

"आणि पैजेचं?"

"पैजेचंही आजच निघेल."

*

दुपारी सगळे सात नंबरच्या थप्पीसमोर जमले. फौजदार, बेड्या घातलेला मुकादम, हातात झाडूचा दांडा घेऊन त्याची बायको, मॅनेजर, हमाल. चवबाई हात बांधून. पैज म्हणून नळवालाही आला होता. तोळामाशाने खोलीतून तिची परखी आणवून शिंप्याच्या हातात दिली होती.

"फौजदारसाहेब, तुमचं एकच म्हणणं बरोबर आहे. हूक मुकादमाचा," तोळामासा म्हणाला. "पण हूक वाकडा असतो आणि भरीव असतो. जखम सरळ आरपार, आणि आत कॉफीचा दाणा. भरीव वाकड्या लोखंडाने दाणा आत जात नाही. पोकळ नळीने जातो. म्हणजे मारलं परखीने. हूक नंतर रुतवला, भोकावर भोक पाडायला, आणि झटापट वाटावी म्हणून वरून पोती ढकलली. सकाळच्या भांडणानंतर मुकादमाचाच हूक हवा होता, आणि टोळी चहावर असल्यामुळे तो खिळ्याला सापडला."

मुकादमाच्या बायकोने दांडा घट्ट धरला.

"परख्या तीन. एक मोजणीदाराची स्वतःची, त्याच्या मुठीत. तिच्यात कोकोची टरफलं आणि रेती, कॉफी नाही. दुसरी धुरीवाल्याची. तिच्यात कॉफी आहे, पण चारच इंच. साडेसतरा इंच घेराच्या कॉलरचा गळा आरपार करायला साडेपाच इंच तरी लागतील. शिंपीमास्तरांना विचारा."

"साडेपाचच्या वरच," शिंपी म्हणाला. छाती फुगली त्याची.

"तिसरी त्याच्या हातात आहे."

सगळ्यांच्या नजरा परखीवर गेल्या. शिंप्यानेही बघितलं, आणि हात थोडा लांब धरला.

"पंधरा वर्षांत हिने पाणी बघितलेलं नाही, असं बाई म्हणाल्या. मग काल दुपारनंतर एका रात्रीत टोकापासून मुठीपर्यंत गंज कसा चढला? धुतल्याशिवाय चढत नाही. गंजाचा छापा शिंप्याच्या खांद्यावर आहे. आणि जी बाई परखी धुणाऱ्या पोरींना हाकलून देते, ती स्वतः कधी धुवेल? कोरड्या फडक्याने निघणार नाही असं काही लागलं असेल तरच."

"मूर्खपणा आहे," चवबाई शांतपणे म्हणाली. "मी त्याला कशाला मारू?"

"साडेबासष्टसाठी." तोळामाशाने रक्ताळलेली चिठ्ठी काढली. "बाई, मी आयुष्यभर वजनं तपासली. माल जिवंत असतो. दमट वर्षात पाणी पितो, कोरड्या वर्षात सोडतो. यंदा चहा वाढला, कॉफी वाढली. त्याच हवेत, त्याच छपराखाली कोको मात्र एका ग्रॅमनेही हलला नाही. वर्षभर जो बदलत नाही, तो कोको नव्हे. मोजणीदाराला आधी हमालांवर शंका आली. मग त्याने खोल परखी मारली, आणि त्याला कळलं. तुम्हाला बोलावलं, विचारलं, हे पोतं पास कुणी केलं?"

त्याने मान हलवली. एका हमालाने पोत्यात सुरा घातला आणि खाली ओढला. आतून टरफलं सांडली, आणि त्यांच्यामागून रेती. भळाभळा रेती. पायावर, पाठोपाठ घोट्यापर्यंत.

"बापरे," मॅनेजर म्हणाला आणि या वेळी खरंच पडला.

"पाठीला दगड लागत होता," मुकादम सुजलेल्या तोंडाने बोलला. "म्हटलं होतं मी!"

"वजन बरोबर करायला रेती. नाकाला फसवायला टरफल. वरच्या थराला चार ओंजळी खरा कोको. व्यापाऱ्याने रेती भरली, कोको म्हणून जमा केली आणि पैसे कोकोचे उचलले. पण दारात परखी लावून पास म्हणणारं माणूस एकच. बाईंनी..."

वाक्य पुरं झालं नाही. चवबाईने एका झेपेत परखीची मूठ धरली. शिंप्याने टोक सोडलं नाही, गाढवासारखा धरून बसला, आणि तिने सगळं वजन टाकून पुढे रेटलं. परखी त्याच्या तळहातातून आत गेली आणि पालथ्या बाजूने बाहेर आली. शिंप्याने जी आरोळी ठोकली ती ऐकून छपरावरची कबुतरं उडाली. तिने परखी खेचून काढली, रक्त उडालं, आणि ती तोळामाशाच्या अंगावर गेली.

"जिभेपुढे काटा आणतोस?"

म्हातारा मागे सरकला, रेतीत पाय घसरला, आडवा झाला. परखी त्याच्या गळ्यावर उतरणार, एवढ्यात झाडूचा दांडा कडाडला. मुकादमाच्या बायकोने दोन्ही हातांनी फिरवला होता. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. दुसरा फटका गुडघ्यावर. चवबाई तोंडावर रेतीत पडली.

"हा माझ्या ओठाचा नाही," मुकादमाची बायको धापा टाकत म्हणाली. "ओठाचा तुमच्या शिपायाकडून घ्यायचाय, फौजदारसाहेब. हा मोजणीदाराचा."

फौजदाराने घसा साफ केला आणि मुकादमाच्या बेड्या काढायला किल्ली शोधू लागला. बराच वेळ शोधली त्याने. मान वर करायची हिंमत होत नव्हती.

चवबाई तोंडातली रेती थुंकत होती. "फार नाही म्हणाला तो व्यापारी," ती कुणालाच उद्देशून बोलली नाही. "दोनशे पोती म्हणाला. मग थांबलाच नाही. काल मोजणीदाराने मला बोलावलं, आणि म्हणाला, बाई, एक दाणा चाखून दाखवा. रेती होती तळहातावर. माझ्यासमोर धरली. चाख म्हणाला. मला!"

*

हमालांनी अख्खा दिवस खपून कोकोची एकेक थप्पी उतरवली. पास म्हणायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून प्रत्येक पोत्याला सुरा. तिसऱ्या दिवशी चौकात फळा लागला तेव्हा सगळी गल्ली जमली होती. मोजणीदाराच्या जागी नवा माणूस आला नव्हता, तेव्हा मॅनेजरने स्वतः खडू धरला.

चहा, वाढ. कॉफी, वाढ. तिसऱ्या ओळीशी तो थांबला. मागच्या वर्षीची रेती वजा, यंदाची रेती वजा. बाराशे पोती कमी. घट.

नळवाल्याने टाळी वाजवली आणि लगेच हात खाली घेतला. शिंप्याचा उजवा हात कोपरापर्यंत फडक्यात गुंडाळलेला होता. चेहरा कागदासारखा.

"जाऊ दे यार," नळवाला म्हणाला. "हात भोकसून घेतलास, झालं तेवढं. मिशी राहू दे. मी सगळ्यांना सांगतो, पैज रद्द."

"रद्द?" शिंपी फळ्याखालच्या स्टुलावर बसला. "तो मोजणीदार खऱ्या आकड्यासाठी मेला. आकडा खरा लागला आणि माझी मिशी खोटी राहिली, तर मी कुठल्या तोंडाने त्याच्या घरी जायचं? बोलवा न्हाव्याला."

"अहो, निदान डावी काढा, उजवीकडे खळी आहे तुमची!" गर्दीतून त्याची बायको ओरडली.

न्हाव्याने साबण फासला. हमाल एकमेकांच्या खांद्यावर चढून बघत होते. वस्तरा एकदा खाली, एकदा वर, आणि डावा विंचू फडक्यावर पडला. शिंपी उठून चारही दिशांना वळला, प्रत्येकाला नीट दिसावं म्हणून.

पहिल्या रांगेत मुकादम बसला होता, बोटं बांधलेली, जबडा फडक्याने आवळलेला. डॉक्टरने बजावलं होतं, महिनाभर हसायचं नाही. त्याने दोन क्षण दम धरला, मग कळवळत, जबडा दोन्ही हातांनी दाबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.